चीज मुरवणारे एन्झाईम कसे तयार होतात? बॅक्टेरियाच्या टाकीपासून चीजच्या लादीपर्यंत

कैरीचं लोणचं घातलं की ते लगेच खात नाही आपण. मुरू देतो. चीजचंही तसंच आहे. आज बनवलेलं चेडर चीज उद्या खाल्लं तर ते रबरासारखं आणि जवळपास बेचव लागतं. त्याला चव येते ती काही महिने थंड खोलीत पडून राहिल्यावर. या काळात चीजच्या आत जे काम चालतं ते एन्झाईम करतात. आणि हे एन्झाईम येतात बरेचसे बॅक्टेरियांकडून.

मी या विषयाकडे वळलो ते स्वतःच्या चुकीमुळे. गवळ्याकडून ८ लिटर म्हशीचं दूध आणलं, ६३ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून थंड केलं, ऑनलाइन मागवलेलं विरजण आणि व्हेज रेनेट घातलं आणि सव्वा किलोची छान लादी तयार केली. फक्त एक शहाणपणा केला. रेनेट जास्त घातलं तर चीज लवकर होईल असं समजून पाकिटावर लिहिल्याच्या दुप्पट घातलं. दोन महिन्यांनी लादी कापली, तर कारल्यासारखी कडू. सगळी फेकून द्यावी लागली.

दूध खराब नव्हतं, बुरशी नव्हती, वासही ठीक होता. मग कडू का झालं? त्याचं उत्तर शोधताना कळलं की हाच प्रश्न चीज उद्योगाला गेली कित्येक दशकं छळतोय. चीज लवकर मुरवायचं, पण कडू होऊ द्यायचं नाही. त्यासाठी बॅक्टेरिया कसे वाढवतात, त्यांच्यातून एन्झाईम कसं काढतात आणि ते चीजमध्ये कसं घालतात, हे आज सविस्तर बघू.

या लेखात काय आहे?

- चीज मुरतं म्हणजे काय होतं
- कडूपणा कुठून येतो
- मुरवण्याची घाई कशासाठी
- कोणते बॅक्टेरिया आणि ते कसे वाढवतात
- एन्झाईम चीजमध्ये घालताना येणारी अडचण
- चिप्सवरच्या चीज पावडरशी याचा काय संबंध
- लेबल कसं वाचायचं आणि नेहमीचे प्रश्न

चीज मुरतं म्हणजे नेमकं काय होतं?

आधी चीज कसं बनतं ते दोन ओळींत. दुधात विरजण घालतात. यातले बॅक्टेरिया (चेडरसाठी मुख्यतः लॅक्टोकॉकस लॅक्टिस) दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. मग रेनेट घालून दूध घट्ट करतात. त्याचे तुकडे करून पाणी काढून टाकतात. या पाण्याला व्हे म्हणतात, पनीर करताना सुटतं तेच. उरलेल्या घट्ट भागाला, म्हणजे कर्डला, मीठ लावून, दाबून लादी करतात. साधारण १० लिटर गायीच्या दुधापासून १ किलो चेडर मिळतं.

इथून पुढे मुरणं सुरू. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं. केसिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. या माळेला स्वतःची चव जवळपास नसते. चव येते ती माळ तुटल्यावर.

एन्झाईम (शाळेच्या पुस्तकात यांना विकर म्हणतात) म्हणजे ही माळ तोडणाऱ्या कात्र्या समजा. पण सगळ्या कात्र्या सारख्या नाहीत. काम तीन पायऱ्यांत होतं:

१. मोठे तुकडे: रेनेटमधलं कायमोसिन आणि दुधात मुळातच असलेलं प्लाझ्मिन हे एन्झाईम माळेचे मोठे तुकडे करतात. चीज मऊ होतं ते यामुळे.

२. छोटे तुकडे: विरजणातल्या बॅक्टेरियांच्या बाहेरच्या भिंतीवर एक प्रोटिनेझ एन्झाईम असतं. ते मोठ्या तुकड्यांचे छोटे तुकडे करतं. या छोट्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात.

३. सुटे मणी: बॅक्टेरियाच्या पेशीच्या आत पेप्टिडेझ नावाचे एन्झाईम असतात. ते पेप्टाइडमधून एकेक दोन-दोन अमिनो आम्लं सुटी करतात. पुढे त्यांच्यापासून वास आणि चव देणारे पदार्थ बनतात. उदाहरणार्थ, मेथिओनिन या अमिनो आम्लापासून मिथेनथायॉल बनतं आणि चेडरच्या ओळखीच्या वासात त्याचा वाटा असतो.

आता गंमत बघा. तिसऱ्या पायरीचे एन्झाईम पेशीच्या आत बंद आहेत. ते बाहेर कधी येतात? बॅक्टेरिया मेल्यावर! ताज्या चेडरच्या एका ग्रॅममध्ये विरजणाचे सुमारे १ अब्ज बॅक्टेरिया असतात. मीठ, आम्ल आणि थंडी यामुळे ते हळूहळू मरतात, फुटतात आणि आतले एन्झाईम चीजमध्ये पसरतात. म्हणजे मुरण्याचं बरंचसं काम बॅक्टेरिया जिवंत असताना नाही, तर मेल्यानंतर होतं. वेळ लागतो तो त्यामुळेच.

मग कडूपणा कुठून येतो?

केसिनच्या माळेत काही मणी पाण्यापासून लांब राहणारे, तेलकट स्वभावाचे असतात. माळ अखंड असताना ते आत दडलेले असतात. माळ तुटून मधल्या आकाराचे तुकडे झाले की हे मणी उघडे पडतात आणि जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या जागांना चिकटतात. बीटा-केसिनच्या शेपटीकडचे तुकडे यासाठी विशेष बदनाम आहेत.

त्यात प्रोलिन नावाचं एक अमिनो आम्ल जास्त असतं. प्रोलिनमुळे माळेला असा बाक येतो की साध्या पेप्टिडेझ कात्र्या तिथे चालत नाहीत. त्यासाठी वेगळी कात्री लागते. लॅक्टिक बॅक्टेरियांकडे ती असते, तिचं नाव पेप-एक्स. पेप-एक्स आणि पेप-एन या दोघांनी मिळून काम केलं तर कडू तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात आणि कडूपणा जातो.

माझ्या लादीचं काय झालं ते आता लक्षात आलं असेल. मी वापरलेलं व्हेज रेनेट रायझोम्युकर मिएहाय या बुरशीपासून बनवलेलं होतं. ते वासराच्या रेनेटपेक्षा केसिनची जास्त तोडफोड करतं. मी ते दुप्पट घातलं. म्हणजे तुकडे पाडणाऱ्या कात्र्या भरपूर, पण ते तुकडे साफ करणारे पेप्टिडेझ तेवढेच. अर्धवट तुटलेला माल साचला आणि चीज कडू झालं.

पुढे जे काही वाचाल ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. चीज लवकर मुरवायचं तर एन्झाईम नुसतं जास्त घालून चालत नाही. तोडणारे आणि साफ करणारे यांचा मेळ बसावा लागतो.

पण एवढी घाई कशासाठी?

सौम्य चवीच्या चेडरलाही दोन-तीन महिने लागतात. चांगलं मुरलेलं चेडर ९ महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त ठेवतात. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला तर नियमानेच किमान १२ महिने मुरवावं लागतं. एवढा काळ ६ ते १२ अंशांची खोली चालू ठेवायची, म्हणजे विजेचं बिल, जागेचं भाडं आणि दुधात अडकलेला पैसा. दुधाचे पैसे शेतकऱ्याला आज द्यायचे आणि चीजचे पैसे वर्षाने मिळणार, असा हिशेब.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. भारतात म्हशीचं दूध भरपूर. त्यात कॅल्शियम जास्त आणि केसिनची रचनाही थोडी वेगळी. म्हशीच्या दुधाचं चेडर गायीच्या चेडरपेक्षा हळू मुरतं आणि जास्त घट्ट, कोरडं राहतं. त्यामुळे मुरण्याचा वेग वाढवण्यावर भारतातल्या डेअरी संशोधनात बरंच काम झालंय.

बर्गरमधली चीजची स्लाइस आणि घरातले क्यूब हे प्रोसेस्ड चीज असतं. ते कमी मुरलेलं आणि जास्त मुरलेलं चीज एकत्र वितळवून, सोडियम सायट्रेटसारखे क्षार घालून बनवतात. आपल्या पुणे जिल्ह्यात बारामती आणि मंचरला चीजचे मोठे कारखाने आहेत. अशा कुठल्याही कारखान्यात प्रोसेस्ड चीजची चव मुरलेल्या चीजवर अवलंबून असते, आणि महाग पडतं तेही तेच.

कोणते बॅक्टेरिया वाढवतात?

दोन गट लक्षात ठेवा.

गट १: बॅसिलस सबटिलिस आणि त्याचे जवळचे भाऊबंद. हे एन्झाईम पेशीच्या बाहेर सोडतात. यांचं न्यूट्रल प्रोटिनेझ चीजसाठी वापरून बघितलं गेलंय. पेशी फोडायची गरज नाही, त्यामुळे काढायला सोपं आणि स्वस्त. पण हे फक्त तोडणारं एन्झाईम. साफ करणारं नाही.

गट २: लॅक्टिक आम्ल बनवणारे बॅक्टेरिया. लॅक्टोकॉकस लॅक्टिस, लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस वगैरे. यांच्याकडे पेप-एन, पेप-एक्स असे कडूपणा घालवणारे पेप्टिडेझ भरपूर. पण ते पेशीच्या आत. म्हणजे बॅक्टेरिया वाढवा, गोळा करा, फोडा, मग एन्झाईम मिळणार. काम जास्त, खर्च जास्त.

बॅक्टेरिया वाढवून एन्झाईम काढण्याचे टप्पे

१. बियाणं जपून ठेवणं

एकदा चांगला वाण मिळाला की तो ग्लिसरॉलमध्ये मिसळून छोट्या कुप्यांमध्ये उणे ८० अंशांना गोठवून ठेवतात. दर वेळी नवी कुपी काढायची. आपण घरी कालच्या दह्याचं विरजण आज वापरतो तसं इथे चालत नाही. कारण पुन्हापुन्हा वाढवताना बॅक्टेरिया बदलतात.

याचं एक नमुनेदार उदाहरण म्हणजे लॅक्टोकॉकस. त्याच्या प्रोटिनेझचा जीन बहुतेक वेळा मुख्य डीएनएवर नसतो, तर प्लाझमिड नावाच्या वेगळ्या छोट्या गोल डीएनएवर असतो. आयतं अन्न मिळत राहिलं की ज्यांनी हे प्लाझमिड गमावलंय त्या पेशींचंही काही अडत नाही, उलट त्या जोमाने वाढतात. काही पिढ्यांनी टाकी बॅक्टेरियाने भरलेली, पण हवं ते एन्झाईम गायब!

२. थोड्यापासून जास्त

कुपीतून फ्लास्क, फ्लास्कमधून छोटी टाकी, छोट्या टाकीतून मोठी टाकी. या टाकीला फर्मेंटर म्हणतात. एक साधा हिशेब करा. बॅक्टेरिया दर वेळी दुप्पट होतात. १० वेळा दुप्पट म्हणजे सुमारे हजारपट, २० वेळा दुप्पट म्हणजे सुमारे १० लाखपट. म्हणजे १ मिलिलिटरच्या कुपीतून १,००० लिटरच्या टाकीपर्यंत पोचायला साधारण २० दुपटी. पोषक द्रवात लॅक्टोकॉकसला एका दुपटीला तासभर किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो.

३. खाऊ आणि हवामान

बॅसिलससाठी स्टार्च किंवा मळी, सोयाबीनची पेंड, थोडे क्षार. तापमान ३० ते ३७ अंश, पीएच ७ च्या जवळपास. याला ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून गाळलेली निर्जंतुक हवा सतत सोडतात आणि टाकीतला पंखा फिरत राहतो. फेस फार होतो, त्यासाठी फेस मोडणारा पदार्थ घालतात. न्यूट्रल प्रोटिनेझच्या रचनेत झिंक असतं आणि त्याला टिकून राहायला कॅल्शियम लागतं. त्यामुळे क्षारांकडेही लक्ष द्यावं लागतं.

लॅक्टिक बॅक्टेरियांसाठी लॅक्टोज किंवा व्हेमधून मिळणारं साखरेचं पाणी, आणि यीस्टचा अर्क. लॅक्टोकॉकसला ३० अंशांच्या आसपास, हेल्वेटिकसला ३७ ते ४२ अंश. यांना हवा सोडायची गरज नाही. पण हे स्वतःच्याच आम्लात अडकतात. पीएच उतरला की वाढ थांबते. म्हणून अमोनिया किंवा सोडा थोडा थोडा घालून पीएच ६ च्या आसपास धरून ठेवतात.

४. कधी थांबायचं?

बॅसिलस प्रोटिनेझ मुख्यतः वाढ मंदावल्यावर सोडतो, अन्न संपत आल्यावर. लवकर टाकी उतरवली तर एन्झाईम कमी. फार उशीर केला तर एन्झाईम एकमेकांनाच तोडायला लागतात. लॅक्टिक बॅक्टेरियांचं उलट. तिथे पेशी हव्यात, म्हणून वाढ पूर्ण झाली की लगेच थंड करून काढतात.

आणि एक फसवी गोष्ट. लॅक्टोकॉकसला तयार पेप्टाइड असलेलं श्रीमंत अन्न दिलं तर पेशी भरपूर वाढतात, पण प्रोटिनेझ कमी बनवतात. आयतं मिळतंय तर कात्री कशाला बनवायची, असा सरळ हिशेब. त्यामुळे जास्तीत जास्त पेशी आणि जास्तीत जास्त एन्झाईम ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत.

५. गोळा करणं आणि शुद्ध करणं

- सेंट्रिफ्यूज फिरवून पेशी आणि द्रव वेगळे करतात.
- बॅसिलस असेल तर द्रव ठेवायचा. लॅक्टिक बॅक्टेरिया असतील तर पेशी ठेवायच्या.
- पेशी फोडण्यासाठी त्या प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलतात किंवा बारीक मण्यांबरोबर घुसळतात. एन्झाईम उष्णतेने मरतं, म्हणून हे सगळं गार ठेवून.
- पेशींचा चोथा गाळून काढतात. मग अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्यातून पाणी आणि बारीक रेणू जाऊ देतात, एन्झाईमचे मोठे रेणू अलीकडेच राहतात.
- शेवटी गोठवून किंवा पावडर करून ठेवतात, आणि प्रत्येक बॅचची ताकद सारखी यावी म्हणून मीठ किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात.

६. तपासणी

पावडर किती ग्रॅम आहे यापेक्षा तिच्यात एन्झाईमची ताकद किती युनिट आहे ते मोजतात. नको असलेलं दुसरं एन्झाईम सोबत आलंय का, रोगजंतू आहेत का, टाकीतला जिवंत बॅक्टेरिया मालात उरलाय का, हेही बघतात.

टाकीत काय बिघडू शकतं?

सगळ्यात मोठी धास्ती असते फेजची. फेज म्हणजे बॅक्टेरियाला खाणारा विषाणू. लॅक्टिक बॅक्टेरियांच्या टाकीत फेज शिरला तर काही तासांत पेशी फुटून वाढ ठप्प होते. म्हणून हवा गाळणं, पाइप वाफेने धुणं आणि एकच वाण सतत न वापरता आलटून पालटून वापरणं, हे नियम कडक पाळतात. दुसरा धोका बाहेरचे जंतू शिरण्याचा. आणि तिसरा आधी सांगितलेला, प्लाझमिड गमावण्याचा.

एन्झाईम तयार झालं. आता चीजमध्ये घालायचं कसं?

सोपं वाटतं ना? दुधात घाला आणि ढवळा. पण तिथेच अडतं. पाण्यात विरघळणारं एन्झाईम दुधात घातलं तर त्यातलं बहुतेक व्हेबरोबर वाहून जातं, ९० टक्क्यांच्या आसपास. महाग माल गटारात. वर दुधातच केसिन तुटायला लागतं, त्यामुळे चीज कमी भरतं. आणि व्हे पावडर विकायची असेल तर तिच्यात एन्झाईम गेलेलं असतं.

दुसरा मार्ग, कर्डचे तुकडे झाल्यावर मिठाबरोबर एन्झाईम लावायचं. चेडरमध्ये हे जमतं, कारण त्याला कोरडं मीठ चोळतात. पण सगळीकडे सारखं लागत नाही. आणि जी चीज मिठाच्या पाण्यात बुडवतात त्यांना हा मार्गच बंद.

तिसरा मार्ग, एन्झाईम सूक्ष्म कॅप्सूलमध्ये भरायचं. यावर १९८० च्या दशकात बरेच प्रयोग झाले. जमलं, पण खर्चिक.

चौथा मार्ग मला सगळ्यात आवडला. बॅक्टेरिया हीच एन्झाईमची तयार कॅप्सूल आहे! दुधात घातलेले बॅक्टेरिया कर्डमध्ये अडकून राहतात, व्हेमध्ये फार जात नाहीत. मग पेशी फोडून एन्झाईम काढण्याऐवजी पूर्ण पेशीच घाला. फक्त त्यांनी जास्तीचं आम्ल बनवू नये म्हणून त्यांना आधी अधू करतात. म्हणजे ६५ ते ७० अंशांचा काही सेकंदांचा चटका देतात किंवा गोठवून वितळवतात. पेशी आम्ल बनवण्याच्या कामाची राहत नाही, पण आतले पेप्टिडेझ बऱ्यापैकी शाबूत राहतात. लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस यासाठी खूप वापरलाय. अशा पेशी, किंवा चव वाढवणारं जिवंत जोड-विरजण, हा मार्ग सुट्या एन्झाईमपेक्षा जास्त व्यवहार्य ठरला.

१९८३ चा एक महत्त्वाचा प्रयोग

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत बी. ए. लॉ आणि ए. एस. विगमोर यांनी चेडरवर काम केलं. त्यांचा निबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी बॅसिलस सबटिलिसचं न्यूट्रल प्रोटिनेझ चीजमध्ये वापरलं. थोडं घातलं तर चव लवकर आली. जास्त घातलं तर चीज मऊ पडलं आणि कडू झालं. मग त्यांनी त्याच्या जोडीला विरजणाच्या बॅक्टेरियांच्या पेशीतला अर्क घातला, म्हणजे पेप्टिडेझ. तेव्हा चव वाढली आणि कडूपणा आटोक्यात राहिला.

माझी कडू लादी आणि त्यांचं जास्त डोसवालं चीज, दोन्हीकडे चूक एकच. फरक एवढाच की त्यांनी ती मोजूनमापून केली होती!

चिप्सवरची चीज पावडर

पूर्ण लादी लवकर मुरवणं अवघड आहे, कारण एकदा एन्झाईम आत गेलं की ते थांबवता येत नाही. चीज दुकानात, फ्रिजमध्ये मुरतच राहतं. मग उद्योगाने दुसरी वाट काढली. ताजं चीज किंवा कर्ड पाण्यात मिसळून त्याची पेस्ट करायची. त्यात प्रोटिनेझ, पेप्टिडेझ आणि चरबी तोडणारं लायपेझ घालायचं. ४० ते ५५ अंशांना एक-दोन दिवस ठेवायचं. चव हवी तशी आली की ७०-८० अंशांना तापवून एन्झाईम मारून टाकायचं.

याला एन्झाईम मॉडिफाइड चीज म्हणतात. याची चव साध्या चीजच्या १५ ते ३० पट तीव्र असते. नुसतं खाता येत नाही, पण चिमूटभर पुरतं. चिप्स, सॉस, सूप, प्रोसेस्ड चीज यांत ते वापरतात. महिन्यांचं काम दोन दिवसांत होतं, पण मिळते फक्त चव. मुरलेल्या लादीचा पोत मिळत नाही.

लेबल कसं वाचायचं?

पारंपरिक रेनेट वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. भारताच्या नियमांत दूध, दुधाचे पदार्थ, मध वगैरे सोडून प्राण्यापासून आलेला घटक असेल तर पदार्थ मांसाहारी ठरतो. त्यामुळे असं चीज शाकाहारी नाही. बुरशी, यीस्ट किंवा बॅक्टेरियापासूनचं एन्झाईम असेल तर हिरवा ठिपका चालतो. पाकिटावर 'मायक्रोबियल रेनेट' असं लिहिलेलं तुम्ही बघितलं असेल, त्याचा अर्थ हाच.

लायपेझकडेही लक्ष द्या. काही इटालियन पद्धतीच्या चीजमध्ये वासरू किंवा करडाच्या जिभेजवळच्या भागातून काढलेलं लायपेझ वापरतात. परदेशातून आणलेलं चीज घेताना हिरवा ठिपका आहे की चौकोनातला तपकिरी त्रिकोण, ते बघा. परदेशात राहत असाल तर तिथे हे चिन्ह नसतं, घटकांची यादीच वाचावी लागते.

नेहमीचे प्रश्न

हे एन्झाईम जीएम असतात का?
सगळे नाहीत. साध्या वाणांपासूनही एन्झाईम बनतात. पण सगळ्यात गाजलेलं उदाहरण जीएमचंच आहे. वासराचा कायमोसिनचा जीन ई. कोलाय के-१२ या निरुपद्रवी वाणात घालून बनवलेल्या कायमोसिनला अमेरिकेच्या एफडीएने १९९० मध्ये मान्यता दिली. पुढे बुरशी आणि यीस्टमध्येही ते बनवलं जाऊ लागलं. एन्झाईम शुद्ध करताना तो सूक्ष्मजीव काढून टाकतात.

चीजमध्ये जिवंत बॅक्टेरिया असतात का?
मुरवलेल्या नैसर्गिक चीजमध्ये असतात, तेही खाण्यालायक. प्रोसेस्ड चीज तापवून बनवतात, त्यामुळे त्यात जवळपास नसतात.

मी घरी बॅक्टेरिया वाढवून एन्झाईम काढू शकतो का?
नको. बॅसिलस सबटिलिसचा एक नातेवाईक आहे बॅसिलस सेरियस. तो अन्नातून विषबाधा करतो, आणि नुसत्या डोळ्यांनी दोघांतला फरक कळत नाही. घरी प्रयोग करायचाच असेल तर पाश्चराइज केलेलं दूध, विकत घेतलेलं विरजण आणि पाकिटावर लिहिलंय तेवढंच रेनेट, एवढ्यावर थांबा.

यात शिक्षण घ्यायचं असेल तर?
मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा डेअरी टेक्नॉलॉजी. महाराष्ट्रात माफसू विद्यापीठाची डेअरी टेक्नॉलॉजीची कॉलेजं वरूड (पुसद) आणि उदगीरला आहेत. देशपातळीवर कर्नालची एनडीआरआय प्रसिद्ध आहे.

थोडक्यात

- चीज मुरणं म्हणजे एन्झाईमनी केसिन आणि चरबीचे तुकडे करणं.
- तोडणारे एन्झाईम जास्त आणि साफ करणारे कमी झाले की चीज कडू होतं.
- बॅसिलसचं एन्झाईम बाहेर मिळतं, लॅक्टिक बॅक्टेरियांचं पेशी फोडून काढावं लागतं.
- एन्झाईम बनवण्याइतकंच ते कर्डमध्ये टिकवणं अवघड आहे. त्यासाठी अधू केलेली बॅक्टेरियाची पेशीच चांगली कॅप्सूल ठरते.
- वेळ कमी करता येतो, पण शून्य करता येत नाही.

मी पुन्हा एकदा लादी केली. या वेळी रेनेट मोजून घातलं, आणि जोडीला हेल्वेटिकस असलेलं विरजण. तीन महिने हात लावला नाही. फार भारी झालं असं म्हणणार नाही, जरा कोरडंच होतं, म्हशीच्या दुधाचं जे. पण कडू अजिबात नव्हतं, आणि घरातल्यांनी दोन दिवसांत संपवलं.